डिंडोलीच्या हवेत खानदेशी कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, चौकोनी, चार पायांवर उभा असलेला. आजकालचे प्लास्टिकचे गोंडस कूलर माझ्याकडे पाहून नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. त्यांच्यापैकी कुणी आंदणात गेला असेल, पॅसेंजर गाडीत बसून सुरतेची हवा खाऊन आला असेल, तर त्यानं खुशाल पुढे यावं आणि माझ्याशी बोलावं.

माझा जन्म अमळनेरचा. हिलाल मिस्तरींनी पत्रा कापला, ठोकून ठोकून त्याला आकार दिला, पोटात पाण्याची टाकी बसवली आणि तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या. मधोमध पंखा आणि तळाशी मुठीएवढा पंप. पंप पाणी वर चढवायचा, ते ताट्यांवरून झिरपायचं आणि पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या वाळ्यातून आत ओढायचा. हवा आत येईपर्यंत तिचा सगळा ताठा उतरलेला असे.

मला विकत घेतलं चिंधाभाऊंनी. ते जवळच्याच एका खेड्यात राहत आणि कापसाच्या जिनिंगमध्ये काम करत. त्यांच्या धनश्रीचं लग्न सुरतेच्या हेमराजशी ठरलं होतं. हेमराज मूळचा खानदेशातलाच, पण बमरोलीला पॉवरलूमवर कामाला. पंच्याण्णव सालच्या आसपास आमच्याकडे अशी रीत होती की लेकीच्या आंदणात कपाट, पलंग, भांडीकुंडी तर हवीतच, पण वर कूलरही हवा. कूलर दिला नाही तर चारचौघांत बापाची मान खाली जायची. चिंधाभाऊंच्या स्वतःच्या घरात मात्र कूलर नव्हता. दुपारी ते दारावर ओलं पोतं टांगून त्याच्यामागे निजत.

साखरपुडा अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झाला आणि लग्न ठरलं माघात. मग मधला उन्हाळा मी कुठे राहणार? "नीट चालस का नही, ते तं दखू," असं म्हणून चिंधाभाऊंनी मला आपल्याच खिडकीत बसवलं. मित्रांनो, तो माझा सुवर्णकाळ. खानदेशचं ऊन म्हणजे लाह्या फोडणारं ऊन. पण ते कोरडं, आणि कोरड्या हवेशी माझं चांगलं जमतं. ती तहानलेली असते, माझ्या ताट्यांवरचं पाणी घटाघटा पिते आणि पिता पिता थंड होते. आख्खी गल्ली दुपारची आमच्या ओटीवर येऊन पडे. कुणी माझ्या पाठीवर हात फिरवी, कुणी हिलाल मिस्तरींचं नाव घेई. मी फुगून जात असे.

माझं खाणंही किती थोडं. विजेच्या मीटरला माझी चाहूलसुद्धा लागत नसे. खरा खर्च पाण्याचा, आणि तो पडायचा धनश्रीच्या आईच्या, अनुसयाबाईंच्या कमरेवर. घागरी त्याच आणत. हिवाळा आला की घराचा खर्च उलटा फिरे. मला गोणपाटात गुंडाळून ठेवत आणि अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची शेकोटी पेटे, अंघोळीचं पाणी तापे, गोधड्या निघत. तिथली हवा उन्हाळ्यात पाणी मागते आणि हिवाळ्यात सरपण मागते, हे मी गोणपाटाच्या भोकातून पाहून शिकलो.

लग्न झालं आणि आम्ही निघालो. मी, कपाट, पलंग आणि रडून डोळे सुजलेली धनश्री. उधना स्टेशनवर उतरलो आणि हातगाडीवरून सुरतेच्या डिंडोली वस्तीत आलो. हेमराजची एकच खोली, वर पत्रा, खिडकी नाही, छताजवळ एक जाळी तेवढी. घरात हेमराज आणि त्याची आई शोभाबाई. शोभाबाई म्हणजे फणसासारखी बाई, हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त काटे दिसले.

सुरतेची थंडी पाहून मला हसूच आलं. एका चादरीत काम भागतं. शेकोटी नाही, सरपण नाही, हिवाळा सगळा फुकटात. मला वाटलं, काय सुखाचा मुलूख आहे. मग चैत्र आला. धनश्रीनं मोठ्या हौसेनं माझी टाकी भरली. शोभाबाईंनी दार घट्ट लावून घेतलं, थंडावा गल्लीत फुकट कशाला घालवायचा म्हणून. आणि मी सुरू झालो.

काय सांगू तुम्हाला. सुरतेची हवा तापीच्या आणि समुद्राच्या शेजारची, आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली. पोट भरून उठलेल्या माणसाला पंगतीत पुन्हा वाढलं तर तो काय खाणार? माझं पाणी तिनं घेतलंच नाही. त्यात दार बंद, म्हणून तीच ओली हवा मी पुन्हा पुन्हा आत ओढत राहिलो. पापड लोळागोळा झाले. काडेपेटीतली काडी पेटेना. अंथरूण दमट झालं आणि शोभाबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. घाम तर कुणाचा वाळेचना.

"धना, तुना बापनी कूलर दिधा का पाऊस दिधा?" शोभाबाई म्हणाल्या.

धनश्री उठली. माझं बटण बंद करून ती चुलीपाशी जाऊन बसली. मला नावं ठेवली असती तर तिनं सोसलं असतं, पण तो टोमणा बापाला होता. महिनाअखेरीस घरमालकाच्या सबमीटरचा चढ्या दराचा आकडा पाहून हेमराजनं डोकं खाजवलं. "आ तो मोंघुं पडे, माय," तो कामावर शिकलेल्या गुजरातीत म्हणाला, म्हणजे हे महाग पडतं. "बिल बी भरो आणि घाम बी पुसो." त्याच्या शेठच्या ऑफिसात एसी होता. तो हवेतलं पाणीच काढून टाकायचा, पण त्याला वीज इतकी लागे की तेवढ्यात आमच्या गल्लीचे दिवे जळाले असते. ते सुख आमच्यासाठी नव्हतं.

तेव्हापासून माझ्यातला कूलर संपला आणि माझं कोठार झालं. ताट्या काढल्या की आत चांगली ऐसपैस जागा, वर जाळी, वारा खेळता. शोभाबाईंनी माझ्यात कांदे भरले. डोक्यावर लसणाच्या जुड्या आल्या. कुणी आलं गेलं तर मला ओलांडून बसे. आंदणात आलेला मानकरी मी, आणि माझ्या अंगाला कांद्याचा वास येऊ लागला.

पहिल्या अखजीला धनश्रीला न्यायला तिचा चुलतभाऊ दगा आला आणि दारातूनच घेऊन गेला. आमच्याकडे सासुरवाशीण अखजीला माहेरी जातेच आणि तिला न्यायला माहेरचं माणूस, म्हणजे मुराळी, यावं लागतं. माहेरी बापानं पहिला प्रश्न माझाच विचारला. धनश्रीनं सांगून टाकलं की कूलर इतका छान चालतो की रात्री गोधडी घ्यावी लागते. पोत्यामागे निजणारा बाप ते ऐकून वर्षभर गावात सांगत सुटला.

दुसऱ्या वर्षी नाक्यावरच्या एसटीडीवर निरोप आला की या वेळी मुराळी म्हणून चिंधाभाऊ स्वतः येताहेत. धनश्रीच्या तोंडचं पाणी पळालं. ती माझ्यापुढे बसून भराभर कांदे बाहेर काढू लागली. शोभाबाईंनी विचारलं, "हाई काय चालनं?" तेव्हा तिचा बांध फुटला. आबांना, म्हणजे चिंधाभाऊंना, माहेरी काय सांगितलं होतं, ते सगळं तिनं सासूला सांगितलं. आता आबा येणार, कांदे पाहणार, आपलं आंदण वाया गेलं हे त्यांना कळणार, आणि सासरी त्यावरून बोलणी बसली हेही कळणार. शोभाबाई पदर खोचून खाली बसल्या आणि कांद्याची टोपली स्वतः उचलून शेजारी ठेवून आल्या.

चिंधाभाऊ भर दुपारी आले. सदरा पाठीला चिकटलेला, हातात पाण्याची बाटली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. त्यांना पलंगावर बसवलं. माझ्या ताट्या पुन्हा लावल्या होत्या, टाकी भरली होती आणि दार लावून घेतलं होतं. मी जीव तोडून वारा घालत होतो. माझ्या अगदी तोंडासमोर शोभाबाई बसल्या.

"याही, तुमना कूलरनी लई सुख दिधं," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "रातले गोधडी लागस बघा."

हे बोलताना त्यांच्या हनुवटीवरून घामाचे थेंब टपटप पडत होते. हेमराज छताकडे बघत होता. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या पोटातून कांद्याचं एक टरफल उडालं आणि चिंधाभाऊंच्या टोपीवर जाऊन बसलं. मित्रांनो, मला पाय हलवता आले असते तर मी तापीत जाऊन उडी घेतली असती.

चिंधाभाऊंनी टरफल काढलं, उलटसुलट करून पाहिलं. "कांदा बेस ऱ्हात व्हई यामा," ते शांतपणे म्हणाले. मग उठले. त्यांनी माझा पंप बंद केला, पंखा तेवढा चालू ठेवला. तिन्ही ताट्या काढून भिंतीला टेकवल्या आणि दार सताड उघडलं. बाहेरची हवा आत शिरली आणि मी ती कोरड्या अंगानं जोरात फेकली. शोभाबाईंच्या कपाळावरचा घाम हळूहळू वाळला. गेल्या वर्षभरात त्या खोलीला माझ्या वाऱ्याचा झालेला तो पहिला उपयोग.

चिंधाभाऊ पुन्हा पलंगावर बसले. "चूक मनी शे, येहीणबाई," ते म्हणाले. "मी मना गावनी हवा दखीसन कूलर दिधा. मनी पोर जठे ऱ्हाई, तठली हवा दखाले मी उनाच नही."

लेकीच्या गावची हवा पाहायला आपण आलोच नाही, हे बापाच्या तोंडून ऐकून धनश्री त्याच्या पायाशी बसून रडली. हेमराजनं तोंड फिरवलं. मला पहिल्यांदा शोभाबाईंचे गरे दिसले. त्या म्हणाल्या की चूक कुणाची नाही, आणि कूलर तुम्हीच गावी घेऊन जा, तिथे त्याचं सोनं होईल. चिंधाभाऊंनी दोन्ही कानांना हात लावले. लेकीच्या घरचं पाणी न पिणारा माणूस लेकीला दिलेलं आंदण परत नेईल? जीव गेला तरी नेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. विषय तिथेच संपला असं सगळ्यांना वाटलं.

सकाळी निघायची वेळ झाली. धनश्री पिशवी भरत होती. शोभाबाईंनी मला आतून बाहेरून पुसलं, ताट्या दोरीनं बांधल्या आणि हेमराजला हातगाडी आणायला पाठवलं. मग सुनेकडे वळल्या. आवाज मात्र व्याह्यांना ऐकू जाईल एवढा ठेवला.

"धना, माहेरले जाई ऱ्हायनी ना? मंग तुना कूलरबी लई जाय, उन्हाळाना दिन शेतस. आनि येतांना इसरी येजो."

येताना तो तिथेच विसरून ये, हे ऐकलं तेव्हा चिंधाभाऊ चप्पल घालत होते. त्यांनी एक पाय तसाच वर ठेवला. मग ते म्हणाले, "आंडेरना सामान शे. मी काय बोलू?" आमच्याकडे आंडेर म्हणजे लेक. एवढं बोलून ते टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर पडले.

मित्रांनो, तेव्हापासून मी चिंधाभाऊंच्या खिडकीत आहे. ओलं पोतं दारावरून उतरलं. तिकडे हेमराजनं एक साधा पंखा घेतला, घरचे दार उघडं ठेवू लागले आणि तेवढ्यात त्यांचं भागतं. माझं तुमच्याजवळ मागणं थोडंच आहे. उन्हाळा सरला की आमच्या टाक्या कोरड्या करून ठेवा, गंज आम्हाला आतून खातो. आणि एखाद्यासाठी मायेनं काही न्यायचं झालं तर आधी त्याच्या दारात घटकाभर उभे राहा. तिथे ऊन कसं आहे, वारा कसा आहे, ते आपल्या अंगावर घ्या. माया सगळीकडे चालते, कूलर चालत नाही.

धनश्री दर अखजीला येते. आता तिच्या कडेवर लेक असते आणि चिंधाभाऊ सुरतेला गेले की तिच्या हातचं पाणी पितात. ती माझ्यासमोर बसून अखजीचे झोके खाऊन दमलेल्या अंगाला वारा घेते, माझ्या पत्र्यावरून हात फिरवते आणि सासरी जाताना मला न चुकता विसरते.