गोंगाटातला होकार

“आई, कान ठणठणीत आहेत तुझे!” मी कान तपासायच्या खोलीतून बाहेर येताच यूंगशंग म्हणाला. “म्हणजे त्या दिवशी तू ऐकूनच हो म्हणालीस.”

नुकत्याच मी बारीक बारीक शिट्या ओळखल्या होत्या. बंद खोलीत, टाचणी पडली तरी कळेल अशा शांततेत. त्यात कसली मर्दुमकी? पण माझ्या लेकाला तेवढंच पुरे होतं. मला वृद्धाश्रमात धाडायचं तर आधी तपासणी लागते.

तो दिवस नववर्षाच्या जेवणाचा. हॉटेलातलं गोल टेबल, पोराटोरांचा कलकलाट, मी सगळ्यांत मोठी म्हणून माशाचं तोंड माझ्याकडे वळवलेलं. यूंगशंग उठला, पेल्याची कड माझ्या पेल्याच्या खाली धरली, मोठ्यांचा मान राखायच्या रीतीप्रमाणे, आणि काहीतरी बोलला. पोटचा पोर सणाला शुभच बोलणार! मी “बरं, बरं” म्हणून प्याले. आठवड्याभराने माझं घर बघायला गिऱ्हाईक दारात उभं.

“थांबा,” तपासणारी मुलगी म्हणाली. “गोंगाटातली चाचणी राहिलीय. छिऊ मावशी, वाक्य ऐकायचं आणि जसंच्या तसं म्हणायचं.”

मी परत आत जाऊन कानांना हेडफोन लावले. पहिली दोन वाक्यं सोपी गेली. मग कानात माणसं बोलू लागली, दहा, वीस, भर बाजारातल्यासारखी. त्यांच्यामागे एक बाई काहीतरी सांगत होती.

“बरं, बरं,” मी म्हणाले.

“मावशी, वाक्य म्हणा.”

“हो, चांगलं.”

मुलीने आवाज बंद केला. “मावशी, मघापासून तुम्ही सगळ्याला बरं म्हणताय. एक तरी कळलं का?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभी हयात शेन्यांग शहराच्या बसमध्ये कंडक्टर होते मी. मागच्या दारातला माणूस माझ्या आवाजाने पुढे सरकायचा. आणि आता लोक हसतील म्हणून नंदीबैलासारखी मान हलवते! हे या गधड्याला ठाऊक नव्हतं? घरी मला काही सांगायचं तर आधी टीव्ही बंद करतो तो. घर मागताना मात्र नेमकं ते टेबल गाठलं!

“शांततेत ठीक आहे,” बाहेर येऊन मुलगी त्याला सांगत होती. “गोंगाटात यांना जवळजवळ काही कळत नाही.”

आजूबाजूला नंबर पुकारले जात होते, कुणाचं तरी मूल रडत होतं. यूंगशंग मान खाली घालून काही पुटपुटला. माझी मान सवयीने हलू लागली. मी ती थांबवली.

“ऐकू आलं नाही.”

“आई, घरी जाऊन—”

“घरी नाही. बाई, दोन मिनिटं खोली देतेस?”

मी त्याला आत नेलं, जाड दार लावून घेतलं, समोर बसवलं.

“आता म्हण. ‘आई, तुझं घर विकतो, तू आश्रमात जा.’ जसंच्या तसं.”

त्याने गिळलेला आवंढा मला स्वच्छ ऐकू आला.