दहावा माणूस नको म्हणाले

मी शोफार बोलतोय. शोफार म्हणजे एडक्याचं शिंग. आमच्या बेने इस्रायली लोकांत नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यू वर्षाच्या पहिल्या दिवशी, मला फुंकतात. बाकी वर्षभर मी प्रार्थनाघराच्या कपाटात पडून या लोकांची भांडणं ऐकतो. ऐकून ऐकून कान किटले. शिंगाला कुठले आलेत कान, म्हणाल. तरी किटले, यावरून काय ते समजा.

जन्म चाकणचा. खंडू धनगराच्या कळपातला माझा एडका असा तापट, की त्याने एकदा टेम्पोला धडक दिली आणि टेम्पोवाल्याने उतरून एडक्याची माफी मागितली. खोटं वाटत असेल तर खंडूला विचारा. तो तर ट्रक होता म्हणतो.

एडका म्हातारपणी मेला आणि एझ्राकाका पेणकर मला मागून घेऊन आले. काका तेव्हा तळवड्याच्या एका वर्कशॉपात फिटर. त्यांनी मला घरच्या डेगचीत उकळलं, आतलं हाड ओढून काढलं, टोक कापून ड्रिलने भोक पाडलं. काकूंनी ती डेगची पुन्हा घरात घेतली नाही. पहिल्यांदा फुंकलं ते वर्कशॉपच्या दारात. आजूबाजूच्या तीन कंपन्यांचे कामगार डबे घेऊन बाहेर आले. त्यांना वाटलं, जेवणाचा भोंगा झाला.

वीस वर्षं काकांनीच मला वाजवलं. मग त्यांचे दात गेले, कवळी आली. कवळी घालून फुंकलं त्या वर्षी मी जागेवर राहिलो आणि कवळी पुढच्या रांगेत गेली. तेव्हा काकांनी मला शिमोनच्या हातात दिलं.

शिमोन तळवड्यालाच सीएनसी मशीन चालवतो. चौतीस वर्षांचा, बोलायला कमी, छाती मात्र लोहाराच्या भात्यासारखी. बाप आमचा. आई इंद्रायणी, चाकणकडच्या शेतकऱ्याची लेक. लग्नाआधी तिने रीतसर धर्म घेतला, विधीचं स्नान केलं. तिघा जाणत्यांनी कागदावर सही केली आणि त्यातली पहिली सही एझ्राकाकांची. नवरा वारला तरी दर शुक्रवारी संध्याकाळी तिच्या घरी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचा, दिवा लागतो. पोहे, गूळ, खोबरं घालून ती मलिदा असा करते, की एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही गट तिच्या परातीपाशी खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

दोन गट सांगायलाच हवेत. बारा घरं आणि दोन गट! एक रूबेनसाहेबांचा. ते चाकणच्या कंपनीत एचआरला आहेत. आठ दिवस इस्रायलची सहल करून आले आणि तेव्हापासून आपला मलिदा, आपली मराठी कीर्तनं, सगळं त्यांना अडाणी वाटायला लागलं. भिंतीवर तिथला झेंडा, नगरसेवकाबरोबर फोटो, मोबाइलवर रोज एक लढाई जिंकायची. दुसरा गट एझ्राकाकांचा, जुनी रीत सांभाळणाऱ्यांचा. रीत म्हणजे काय, तर कुणाची आजी कोण होती याची चौकशी. "गोरे" इस्रायल वेगळे, "काळे" वेगळे, म्हणजे दुसऱ्या जातीची आई असली तर ते काळे, हे आजोबांच्या वेळचं शेण अजून उशाशी घेऊन झोपतात. परक्याने आपल्याला हलकं म्हटलं तर डोळ्यांत पाणी आणतील, आणि घरातल्याला स्वतःच हलकं म्हणतील. थू!

यंदा सणानंतर प्रार्थनाघराच्या ट्रस्टची निवडणूक होती. काका उभे होते, रूबेनही उभे होते.

सणाच्या सकाळी माणसं कमी आली. कुणाची शिफ्ट, कुणी मारुंजीहून निघालोय म्हणत अजून अंघोळीला. दहा पुरुष असल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना सुरू होत नाही. माणसं आकड्याने मोजायची नाहीत, म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, माणसामागे एक शब्द. रूबेन बोट फिरवत निघाले. नऊ शब्द नऊ जणांवर पडले. दहाव्याच्या जागी शिमोन उभा होता, मला हातात घेऊन. रूबेनने शब्द गिळला.

"एक कमी आहे. थांबू या."

"मी आहे की," शिमोन म्हणाला.

"तसं नाही रे. तुझ्या आईचा तो धर्म घेतल्याचा कागद तिकडे इस्रायलात कुणी मानत नाही. आपल्याला नियमाने चालायला हवं."

शिमोनने काकांकडे पाहिलं. "काका, सही तुमची आहे ना?"

काकांच्या मागे त्यांचे मतदार बसले होते, सगळे शुद्ध आज्यांचे. काकांनी कवळी नीट बसवली. "जुनी गोष्ट आहे बाळा. लोकांच्या भावना असतात."

बायकांच्या बाजूने इंद्रायणी उठली. "मलिदा खाताना कुठं गेल्या हुत्या भावना? तवा मी चालले, व्हय ना?"

सगळे प्रार्थनेची पुस्तकं चाळू लागले. वर्षभर भांडणारे दोन्ही गट पहिल्यांदा एक झाले होते, आणि एक झाले ते यात!

मग रूबेनला तोडगा सुचला. "शिमोन, तू व्हरांड्यात उभा राहून शोफार वाजव. सगळ्यांना ऐकू येईल. फक्त मोजणीत नको."

"म्हणजे फुंकर माझी चालते," शिमोन म्हणाला, "माणूस चालत नाही."

त्याने मला पुसलं, टेबलावर ठेवलं आणि आईच्या हातातली पिशवी घेतली. आईने दारात विचारलं, "आन् सण रं?"

"घरी करू. तिथं आपण पुरे."

ते गेल्यावर रूबेनने मला तोंडाला लावलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण मी श्वास दाबून धरला. मग एकेक करून बाकीच्या आठ जणांनी फुंकून बघितलं. काकांनी कवळी काढूनही पाहिलं. फुस्स! दुपारपर्यंत दहावा कुणी आला नाही आणि प्रार्थना झाली नाही.

निवडणुकीत काका निवडून आले. आता मला पॉलिश करून काचेच्या पेटीत ठेवलंय, खाली पाटी: "आपला वारसा". पाहुणे येतात, फोटो काढतात. काका विचारतात, हा वाजत का नाही, आत काही अडकलंय का?

अडकलंय, काका. रूबेनने गिळलेला आणि तुम्ही गिळू दिलेला दहावा शब्द. शिमोनच्या दारी जा, त्याच्या आईसमोर तो म्हणा, मग मला त्याच्या हातात द्या. तळवड्याच्या कंपन्यांची जेवणाची सुट्टी पुन्हा एकदा वेळेआधी झाली नाही, तर मी एडक्याचं शिंग नाही.