तोंड धुवून येतो

मी मुलांच्या वसतिगृहातल्या दुसऱ्या मजल्यावरचं बेसिन बोलतेय. जन्माने मी माती. भट्टीत तापून पांढरीशुभ्र झाले आणि गवतात गुंडाळून इथं आले. प्लंबरने भिंतीत बसवताना मला थोपटलं होतं, "पोरांची तोंडं धू बाई, दुसरं काय काम तुला!"

पहिली वर्षं सुखाची गेली. सकाळी दात घासताना चालणारी भांडणं, परीक्षेआधी डोळ्यांवर मारलेले हबके, घरच्या आठवणीने नळ मोठा सोडून रडणारं एखादं पोर. सगळं मी पोटात घेतलं.

मग समोरच्या खोलीत शनिवारची रीत सुरू झाली. दुपारी वर्ग सुटले की मुलं जमायची, पेल्यांत दारू ओतायची. पेला संपला की खिडकीत उपडा ठेवायचा. ज्याचा सरळ दिसेल त्याची टिंगल.

"काय रे, आईला विचारून पिणार आहेस का?" कप्तान ओरडायचा. तो सगळ्यांत मोठा.

थोड्या वेळाने एकेक जण उठायचा. "तोंड धुवून येतो." खांद्यावर टॉवेल, टॉवेलखाली पेला. इकडेतिकडे बघून दारू माझ्यात ओतायची, वर पाणी सोडायचं, डोळे चोळून लाल करायचे आणि झिंगल्यासारखं परत जायचं. आठजणांपैकी सातजण हेच करायचे. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच भित्रे. कप्तानसुद्धा यायचा. "अजून किती शनिवार रे देवा," असं पुटपुटायचा.

आठवा मुलगा नवा होता. जाड चष्म्यामुळे सगळे त्याला प्रोफेसर म्हणायचे. वडील शिंपी, त्याचे सगळे शर्ट त्यांनीच शिवलेले. त्याच्या पहिल्याच शनिवारी त्याला खिडकीत उपडे पेले दिसले आणि त्याने ते खरे मानले.

चौथ्या पेल्यानंतर तो माझ्याकडे आला. ओकला. काठ घट्ट धरून वरच्या आरशात बघत म्हणाला, "सगळ्यांना जमतं. मलाच का नाही?"

माझ्या जाळीत तेव्हा त्या सगळ्यांचीच दारू होती. मला सांगता आलं नाही. तो परत गेला आणि अजून दोन प्यायला.

तो आडवा झाला तेव्हा कप्तान म्हणाला, "झोपू दे, उतरेल." सगळे पुरते शुद्धीवर होते, पण डॉक्टरला बोलवा म्हणणारा घाबरट ठरला असता. कुणी म्हणालं नाही. संध्याकाळी हाक मारायला गेले, तेव्हा तो उताणाच पडलेला होता आणि उलटीने कोंडून त्याचा श्वास थांबला होता.

दुसऱ्या दिवशी वडील त्याचं सामान न्यायला आले. माझ्यापाशी उभं राहून त्यांनी कप्तानला विचारलं, "बाळा, तुम्ही सगळेच प्यायला होतात ना? मग माझ्याच पोराला कसं सोसलं नाही?"

कप्तानने मान खाली घातली. "हो काका. सगळेच प्यायलो होतो."

वडिलांनी तोंडावर पाणी मारलं. "लहानपणापासून नाजूकच होता," असं स्वतःशीच म्हणत जिना उतरले.

आता माझा काठ फुटलाय, नळ गळतो. ती मुलं निघून गेली, नवी आली आहेत; शनिवारची रीत मात्र तीच. परवा त्यांच्यातला एकजण टॉवेलखाली पेला घेऊन आला. पोरा, ओत, खुशाल ओत. पण परत गेलास की तो पेला खिडकीत सरळ ठेव आणि सांग, "मी ओतून आलो." ते ऐकायला तिथं कुणीतरी जीव मुठीत धरून बसलेला असेल.