तीन माणसांच्या मागे

“हा तीनचा आकडा कुणी टाकला?” अर्पितानं विचारलं, आणि खोलीतल्या सगळ्या माना अफरोजकडे वळल्या.

भिंतीवरच्या पडद्यावर त्याचाच आठ वर्षांपूर्वीचा कोड उघडा पडला होता. ‘बारी’ कंपनीचा सगळा डोलारा या एका कोडवर उभा होता. शेतकऱ्यानं घरबसल्या मोबाइलवर नंबर लावायचा, आणि नंबर जवळ आला की मगच कापसाची गाडी जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, फाटकावर आणायची. वेळेवर कुणी आलं नाही, तर हा कोड त्याचा नंबर रद्द करत नसे. त्याला तीन माणसांच्या मागे टाकत असे. तीनच का, दोन का नाही, पाच का नाही, याबद्दल कुठं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

“मीच टाकला,” अफरोज म्हणाला.

“कारण?”

आता कारण काय सांगायचं? समोर वीसेक पोरंपोरी लॅपटॉप उघडून बसलेली, त्यातली निम्मी तर त्याला नावानंही माहीत नव्हती. “जुनं आहे,” एवढंच तो पुटपुटला. अर्पिता मूळची नागपूरची, बंगळुरात दहा वर्षं काढून आलेली. हुशार बाई, उगाच कुणाचा पाणउतारा करणाऱ्यातली नव्हती. ती म्हणाली, “नवीन जिनिंगवाले म्हणतात, दहा मिनिटांत आला नाही तर सरळ रद्द करा. कारण नसेल तर सोमवारी काढून टाकू या.” झालं. विषय संपला आणि मंडळी जेवायला उठली.

अफरोजचं खरं दुखणं मात्र त्या तीनच्या आकड्याचं नव्हतं. आदल्या दिवशी त्याला कपिलची मेल आली होती. कपिल म्हणजे कंपनीचा मालक, आर्णीचा, अफरोजचा कॉलेजपासूनचा दोस्त. मेलमध्ये कंपनीच्या नव्या रचनेचा तक्ता होता. सगळ्यात वर कपिल, त्याच्याखाली अर्पिता, तिच्याखाली रजत, आणि रजतच्याही खाली अफरोज. कालपर्यंत तो कपिलच्या बरोबरीनं होता, आणि रजत तर त्यानंच मुलाखत घेऊन निवडलेला पोरगा. ‘सोमवारपर्यंत कळव’ असं शेवटी लिहिलं होतं. ना फोन, ना भेट. दोन जिने वर बसणाऱ्या दोस्तानं मेल करावी, हे त्याला तक्त्यापेक्षाही जास्त लागलं. राजीनामा त्यानं सकाळीच मोबाइलवर लिहून ठेवला होता. पाठवायचा तेवढा बाकी होता.

शनिवार होता. त्यानं मोटरसायकल काढली. यवतमाळच्या त्या तीन मजली इमारतीच्या फाटकावर वॉचमन हरिसिंगनं त्याला थांबवलं, गळ्यातलं कार्ड पाहिलं आणि वहीत नाव लिहायला लावलं. आता बोला. या कंपनीचं पहिलं कुलूप ज्यानं दारव्ह्याच्या बाजारातून आणलं, त्यानं वहीत नाव लिहायचं. हरिसिंगचा बिचाऱ्याचा काय दोष, तो मागच्याच महिन्यात लागला होता. अफरोजनं नाव लिहिलं आणि घरचा, दारव्ह्याचा रस्ता धरला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, आणि याच दिवसांत तर सगळं सुरू झालं होतं. दारव्ह्यात अफरोजच्या अब्बांचं, जफर मिस्त्रींचं, ट्रॅक्टरचं गॅरेज. गॅरेजवर टिनाची एक खोली. ऑइलच्या दोन रिकाम्या पिंपांवर फळी टाकली, झालं ऑफिस. कपिल, अफरोज आणि फोन घ्यायला दिपाली, असे तिघं. खाली हातोडा सुरू झाला की वर फोनमधलं काही ऐकू येत नसे. मग दिपाली खिडकीतून ओरडायची, “चाचा, दोन मिनटं थांबा ना, रामराव बोलून राह्यले.” खालचा हातोडा थांबायचा. दुपारी अम्मीचा डबा यायचा, तिघांना पुरून उरायचा. शंभरावा नंबर लागला त्या दिवशी कपिलनं जिलेबी आणली आणि खालच्या गिऱ्हाइकांनाही वाटली. आता रोज हजारो नंबर लागतात, ऑफिसात पावणेदोनशे माणसं आहेत, आणि जिलेबीची कुणाला आठवणही येत नाही. दिपाली लग्न होऊन अमरावतीला गेली. त्या टिनाखाली घामाघूम होऊन केलेल्या कामात जो आनंद होता, तो त्याला नंतर कधीच मिळाला नाही. तो तसं कुणाला म्हणाला नव्हता, पण खरं तेच होतं.

आणि तो तीनचा आकडा? त्याचीही गोष्ट त्याच खोलीतली.

पहिल्याच हंगामात तिघांनी मोठ्या हौसेनं नियम केला होता की फाटकावरून नंबर पुकारल्यावर दहा मिनिटांत गाडी आली नाही, तर नंबर आपोआप रद्द. पहिल्या दिवशी एक नंबर असा कटला, रांग जराही अडली नाही, आणि वर तिघं खुशीत एकमेकांना टाळ्या देत होते. तेवढ्यात जिना वाजला. अब्बा दारात उभे, हात कोपरापर्यंत काळे, आणि त्या हातात दुसऱ्या कुणाचा तरी मोबाइल. अब्बा घरात हिंदी बोलायचे, पण गॅरेजात आणि रागावले की वऱ्हाडीच.

“हे काय होय?”

“नंबर रद्द झाला, अब्बा. माणूस वेळेवर नाही आला.”

“अन् माणूस कुठी हाय?”

“काय माहीत.”

“तुह्या पायाखाली हाय ना बे. खाली ये, पाह्य.”

अफरोजनं खिडकीतून पाहिलं. खाली शेतकरी रामरावांचा ट्रॅक्टर उघडा पडलेला, मागं ट्रॉलीत शिगोशीग कापूस, आणि रामराव क्लचप्लेट हातात धरून उभे. जिनिंग तिथून हाकेच्या अंतरावर. ज्या गॅरेजात त्यांची गाडी दुरुस्त होत होती, त्याच गॅरेजच्या माथ्यावर बसून या शहाण्यांनी त्यांचा नंबर कापला होता. अफरोजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माह्याकडंही उशिरा येते लोकं,” अब्बा म्हणाले. “मी तीन गाड्याच्या मागं लावतो त्याले. मधात येऊ देत नाही, पण फाटकही नाही लावत.”

तीन गाड्या. तोच हा तीन. त्या दुपारी अफरोजनं तो कोडात टाकला आणि आठ वर्षं त्याला कुणी हात लावला नाही.

तो गॅरेजवर पोचला तेव्हा अब्बा एका इंजिनात डोकं घालून बसले होते. वरच्या खोलीत आता जुने टायर ठेवलेले. अफरोज खालीच एका टायरवर बसला आणि त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं: तक्ता, मेल, राजीनामा. अब्बांनी पुरतं ऐकून घेतलं, मग हात पुसले.

“परवा कपिल आलता,” ते म्हणाले.

“इथी? कायले?”

“तू बसला न, तिथंच बसला. चहा पेला. रडलाही.” अब्बांनी पाना खाली ठेवला. “म्हणे, पैसे लावनारे मांगं लागून राह्यले. अफरोजले मोकळं करा म्हणते. एवढं मोठं काम आता त्याच्यानं होत नाही म्हणते.”

पैसे लावणारे खोटं तरी कुठं बोलत होते? गेल्या महिन्यात नवे जिल्हे जोडल्यावर सगळी यंत्रणा दोनदा बसली होती. अफरोजला दोन दिवस काही सुधरलं नव्हतं, आणि अर्पितानं ती एका दुपारी उभी केली होती. हे त्याला माहीत होतं, म्हणून तर राग एवढा होता.

“मग तुम्ही काय म्हटलं?”

“मी काय म्हननार? तुमची कंपनी, तुमचं तुम्ही पाहा म्हटलं. जाता जाता तोच म्हणे, चाचा, रद्द नाही करत मी त्याले. तीन माणसाच्या मागं टाकतो.”

अफरोजनं मनात मोजलं. कपिल, अर्पिता, रजत. बरोबर तीन होते.

मग तो म्हणाला, “मले काहून नाही सांगतलं त्यानं?”

“हिंमत नसन झाली. तुहीही कुठं झाली? राजीनामा मोबाइलवरच लिहून ठेवला ना?” एवढं बोलून अब्बांनी पुन्हा इंजिनात डोकं घातलं. “तो चवदाचा पाना दे.”

अफरोजनं पाना दिला.

सोमवारी सकाळी अर्पितानं तो जुना कोड उघडला, तेव्हा तीनच्या आकड्यावर मराठीत चार ओळी लिहिलेल्या होत्या. ‘वेळेवर न आलेला माणूस तीन जणांच्या मागे जाईल. त्याचा नंबर रद्द करू नये. रद्द करण्याआधी खाली पाहावं, तो आपल्याच पायाखाली उभा असू शकतो. — जफर मिस्त्री, दारव्हा.’

तिनं त्या दोनदा वाचल्या. “हे जफर मिस्त्री कोणत्या टीममध्ये होते?” तिनं विचारलं.

“खालच्या मजल्यावर होते,” अफरोज म्हणाला, आणि त्यानं तिला रामरावांच्या ट्रॅक्टरची सगळी हकिकत सांगितली. शेजारचा रजतही खुर्ची ओढून ऐकत बसला. अर्पिता शेवटी म्हणाली, “राहू द्या तीन. जिनिंगवाल्यांशी मी बोलते.”

मग अफरोजनं मोबाइलमधला राजीनामा पुसून टाकला. कपिलच्या मेलला उत्तर मात्र दिलं नाही. तो उठला, दोन जिने चढून वर गेला आणि कपिलच्या दारात उभा राहिला. कपिलनं मान वर केली. त्याचा चेहरा पार उतरला होता.

“मी आहे,” अफरोज म्हणाला. “पण पुढच्या वेळी मेल नको, जिना उतरून ये बे.”

कपिलनं शेजारची खुर्ची पुढं सरकवली, आणि अफरोज बसला.