मला इतक्यात सरळ करू नका

मी पिकअप बोलतेय. बोलायची मला सवय नाही. कारखान्यानं मला आवाज दिला तो एक हॉर्नचा, आणि तोही दुसऱ्या कुणी दाबला तरच निघतो. त्यामुळे आजवर मी पाहिलं पुष्कळ, सांगितलं काहीच नाही. आज सांगते, कारण गोष्ट माझ्या एकटीची नाही.

माझा पहिला मालक भैयाजी, सिंदेवाहीकडचा धानाचा शेतकरी. मी घरी आले तेव्हा त्याच्या बायकोनं मला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, अगदी सुनेसारखं घरात घेतलं. पुढे कामालाही सुनेसारखंच जुंपलं. धानाची पोती, खत, मंडईला जाणारी माणसं, सगळं माझ्या पाठीवर. भैयाजीच्या घरासमोरची गल्ली अरुंद होती. म्हणून माझी डावी चाकं कायम नालीच्या खोलगट काठावर, आणि भरलेला माल रात्र रात्र त्याच अंगावर. माणसाला खांदा बदलता येतो. मला कसा येणार? माझी डावी बाजू हळूहळू खचली.

मग भैयाजीनं नवी गाडी घेतली आणि मी मन्सूरकडे आले.

मन्सूर चंद्रपूरच्या परकोटाच्या आत राहणारा बांगडीवाला. साठी ओलांडलेला, बारीक, बोलका. तो आणि त्याची बायको सुलताना मूल, पोंभुर्णा, गोंडपिपरी असे आठवडी बाजार करत. घरात दोघं हिंदी बोलत, पण बाजारची मराठी तोंडात इतकी बसली होती की गाडीत भांडण झालं तर ते मराठीतच होई. मन्सूरचा हात काय वर्णावा. समोरच्या बाईचा अंगठा आत दाबून, पंजा चेपून, दोन अंगुळं लहान वाटणारी बांगडी तो अशी चढवी की बाईला कळायच्या आत ती मनगटात किणकिणे.

पण माझ्या कलण्यानं त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. पेट्या डावीकडे सरकत, काच फुटे. तो डाव्या पेट्यांखाली गोणपाटाच्या घड्या घाली. बाजारात लोक विचारत, मन्सूरभाऊ, तुमची गाडी मोहाची घेते काय? तो हसून म्हणे, मालक घेत नाही म्हणून तीच घेते. मला फार लाज वाटायची.

सल्ले देणारे कमी नव्हते. एकानं हवा भरली, एकानं टायर बदलायला लावले, एकानं धक्के झेलणारे दांडेच नवे बसवले. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी गत. मी तशीच वाकडी.

एकदा पोंभुर्ण्याचा बाजार उठल्यावर सुलताना भाजी घ्यायला गेली होती. मन्सूर माझ्यामागे उकिडवा बसला आणि मान वाकवून खाली पाहू लागला, की ही बया कलते तरी कशानं. मी झुकलेली असल्यानं मागच्या फाळक्याची कडी नीट बसत नसे. ती निसटली आणि फाळका त्याच्या डोक्यावर आला. रक्त नाही, जखम नाही, नुसतं टेंगूळ. त्यानं टोपी सारखी केली आणि मलाच म्हणाला, "पाहून राह्यलो तं मारतं काऊन?"

सुलतानाला त्यानं सांगितलं नाही. तिनं ऐकलं असतं तर त्याला घरी बसवलं असतं, आणि सणाचे बाजार तोंडावर होते. म्हणजे हे ठाऊक असलेले आम्ही दोघंच, आणि त्यातली एक मुकी.

त्यानंतर आम्ही बाबूपेठेतल्या गोपाल मिस्त्रीकडे गेलो. गोपालनं आधी मला सपाट फरशीवर घेतलं, रिकामी केलं, चारही चाकांवरचं अंतर वितीनं मोजलं. मग मागच्या चाकावर ओझं पेलणाऱ्या लोखंडी पाट्यांवरचा वाळका चिखल खरवडला. डावीकडचा आतला पाटा मधोमध तुटला होता. इतकी वर्षं चिखलानं तो झाकला होता. एकाच बाजूचे नवे घातले तर ती उद्या उजवीकडे कलेल, असं म्हणून त्यानं दोन्हीकडचे पाटे बदलले. मन्सूरनं काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास माझ्या हौद्यात ठेवून पाहिला. चहा एका बाजूला गेला नाही. त्या दिवशी मी किती खूश होते, काय सांगू.

पुढे काही आठवड्यांनी मन्सूर पुन्हा गोपालच्या दारात. गाडी डावीकडे ओढते म्हणाला. गिअर जड झाला, क्लचही जड झाला. गोपालनं सगळं उघडून पाहिलं, मला बायपासवर चालवून आणलं. मी सरळ गेले. तसं त्यानं सांगितलंही. मन्सूर परत आला. पुन्हा तेच.

खरं काय ते मला कळत होतं. माझ्या स्टीअरिंगवर त्याचा उजवा हात घट्ट असे, डावा नुसता ठेवलेला, आणि त्याच्या भारानं मी डावीकडे वळे. गिअर टाकायचा तो डाव्या हातानं, क्लच दाबायचा तो डाव्या पायानं. पाय अर्ध्यातच थांबे आणि माझ्या गिअरचे दात करकरत. तो म्हणे, जुनं लोखंड आहे. डोकं दुखे, तर म्हणे ऊन आहे. बाजारात त्याच्या हातून बांगड्या फुटू लागल्या, तर म्हणे औंदा माल कच्चा आला. आणि सगळे मान डोलवत, कारण कधीकाळी वाकडी असलेल्या गाडीच्या दोषावर कुणाचाही विश्वास बसतो, सरळ माणसावर संशय कोण घेणार? मी काय करू शकत होते? करकरत होते, तेवढंच.

तिसऱ्या खेपेला गोपालला त्याची दया आली. म्हातारा माणूस उगाच कशाला बोलेल, असं म्हणून त्यानं पुढच्या चाकांची ठेवण जराशी बदलली आणि मला मुद्दाम थोडी उजवीकडे ओढणारी केली. मन्सूर चालवून आला आणि म्हणाला, आता बरोबर. आजारी हाताच्या मापानं मला शिवलं होतं, आणि हात आता बरा वाटत होता.

ते सुख चार बाजारांपुरतंच टिकलं. मूलहून परतताना जंगलाच्या रस्त्यावर मी पुन्हा डावीकडे जाऊ लागले. समोर सागाचं झाड दिसत होतं. मला ब्रेक मारता येत नाही. डांबर सुटलं, खडी आली, पेट्या आदळल्या आणि झाडाच्या अलीकडे कशीबशी मी थांबले.

"पाह्यलं? पुन्हा ओढलं," मन्सूर म्हणाला. "उद्याच विकतो हिले."

सुलतानानं त्याचा उजवा हात धरला, गिऱ्हाइकाचा धरावा तसा, आणि म्हणाली, दाबा. त्यानं दाबला. मग डावा घेतला. जिल्ह्यातल्या किती बायकांचे हात त्या बोटांखालून गेले असतील. डावा पंजा तिच्या हातात ओल्या फडक्यासारखा पडून राहिला. तिनं पुन्हा दाबा म्हटलं. तो म्हणाला, दाबून तर राह्यलो.

"गाडी नाई ओढत जी," ती हळूच म्हणाली. "हात गेला तुमचा. डोक्याले कुठी लागलं होतं का?"

मन्सूरनं आरशातून मागे पाहिलं. "हिचा फाळका पडला होता. दोन महिने झाले त्याले. तवा तं काईच झालं नाई."

सुलतानाला गाडी चालवता येत नव्हती. तिनं हात लांब करून माझा हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. मी आयुष्यात कधी ओरडले नाही तेवढी ओरडले. शेवटी गडचिरोलीकडून आलेली एसटी थांबली आणि लोकांनी मन्सूरला उचलून आत नेलं. त्याच्या कामी मी आले ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाल मला न्यायला आला. सरळ रस्त्यावर त्यानं स्टीअरिंगवरचे दोन्ही हात काढून पाहिले. मी उजवीकडे गेले. त्यानंच तसं केलं होतं. उजवीकडे ओढणारी गाडी काल डावीकडच्या झाडाकडे कशी गेली, हे त्याला तेव्हा उमगलं. गाडी कडेला घेऊन त्यानं कपाळ स्टीअरिंगला टेकवलं.

नंतरचं मी अंगणात ऐकलं. कवटीखाली थेंब थेंब रक्त साचत होतं. नागपूरला नेऊन ते काढलं. मन्सूर वाचला. आता तो कडुलिंबाखाली खुर्चीत बसतो, डोक्यावर टाक्यांची रेघ. संध्याकाळी सुलताना आपला हात त्याच्यापुढे करते आणि डाव्या हातानं बांगडी चढवायला सांगते. बांगडी फुटते. ती काचा झाडून घेते आणि दुसरी देते. काल एक अंगठ्याच्या हाडापर्यंत गेली, मग फुटली. पुढे किती जाईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी इथून नुसती बघते.

परवा गोपाल पाना घेऊन आला होता. चाकं पुन्हा सरळ करून देतो, फुकट करतो, म्हणाला. सुलतानानं त्याला अडवलं.

"राहू दे. ज्या दिवशी हे गाडी चालवाले बसतीन आन् म्हणतीन, उजवीकडे ओढून राह्यली, त्या दिवशी कर."

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. रस्त्यानं जाता येता कुणी मला वाकडी म्हणेल, कुणी दयेनं हत्यार घेऊन येईल. त्यांना जरा थांबवा. जन्मभर माझ्याबद्दल तक्रारीच ऐकत आले, आता ही एक त्याच्या तोंडून ऐकायची राहिली आहे. तोवर मला सरळ करू नका.