सातची दुर्बीण

दुर्बीण घ्यायला मीही येणार, असं मी म्हटलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुला काय कळतं त्यातलं?" खरं आहे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मला दुर्बीण बघायचीच नव्हती. मला ह्यांचे हात बघायचे होते, आणि तेही अशा ठिकाणी, जिथे पायाखालची जमीन हलत नाही.

आमचे हे प्रवासी बोटीवर असतात. पाण्यातले आणि काठावरचे प्राणी हुडकून लोकांना दाखवायचे, हे ह्यांचं काम. बोटीवरची माणसं ह्यांना 'घार' म्हणतात. कासवाने पाण्यातून नुसतं नाक वर काढलं तरी आमच्या घारीला दिसायचं. प्रवाशांनी 'हे असेल, ते असेल' सुरू केलं की हे म्हणायचे, "अंदाज नको. बघायचं तर नीट बघायचं."

पण गेल्या हंगामाच्या शेवटी काहीतरी बिनसलं. पाणमांजर दिसलं म्हणून ह्यांनी सगळी बोट एका बाजूला गोळा केली आणि निघाला ओंडका. लोक हसले. मग पुन्हा तसंच झालं. हे म्हणाले, दुर्बीण म्हातारी झाली, त्यात बोटीचं इंजिन खडखडतं, चित्र थरथरतं, धड काही ठरत नाही. मालक म्हणाला, नवी घ्या, पण हंगाम सुरू व्हायच्या आत सगळं नीट दिसू द्या, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मालक वाईट नाही हो. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर राग तरी काढला असता.

दुर्बीण म्हातारी, बोटीचं इंजिन खडखडतं, सगळं मान्य. पण मग आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाला कुठलं इंजिन लावलंय? ह्यांनी चहाचा कप बशीत ठेवला की किणकिण वाजायचं. आधी चार थेंब सांडायचे, मग जास्त. मी काही न बोलता कप अर्धाच भरायला लागले. अर्धा संपला की परत अर्धा. ह्यांनी कधी विचारलं नाही. कासवाचं नाक दिसणाऱ्या माणसाला समोरचा अर्धा कप दिसत नाही, असं म्हणून मी मनातल्या मनात हसायचे. हसायचे कसली, रडू दाबायचे.

कारण माझ्या थोरल्या दिरांचंही असंच कपापासून सुरू झालं होतं. आता त्यांच्या शर्टाची बटणं जाऊबाई लावतात, घासही त्याच भरवतात. "सुरुवातीला मी कानाडोळा केला गं," असं त्या एकदा मला म्हणाल्या आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एरवी माझ्या तोंडी कुणी लागत नाही. पण डॉक्टरांचं नाव काढायला मात्र जीभ उचलायची नाही. बोललं की खरं होईल, अशी भीती वाटायची. म्हणून मी आपली देवाला घालावं तसं साकडं त्या दुकानाला घालत चालले होते. दुर्बिणीतच खोट निघू दे, बाकी काही नको.

दुकान बोळासारखं अरुंद होतं. एका बाजूला घड्याळं, दुसऱ्या बाजूला चष्मे, आणि मागच्या काचेच्या कपाटात दुर्बिणी. दुकानदार बाई माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

"बाराची दाखवा," हे म्हणाले.

"बघायचं काय आणि कुठून?"

"प्राणी. बोटीवरून."

"मग बारा विसरा," बाई म्हणाल्या. "चालत्या गाडीत सुई ओवण्यातला प्रकार आहे तो. बारा म्हणजे प्राणी बारा पट मोठा आणि बोटीचा हेलकावाही बारा पट मोठा. बोटीवर सातची बरी. प्राणी जरा लहान दिसेल, पण जागेवर दिसेल. आणि पाणी आत शिरणार नाही अशी घ्या."

हे ऐकतील तर शपथ. बाराचीच घेतली आणि दारात उभे राहिले. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर एक कबुतर बसलं होतं, त्याच्यावर दुर्बीण रोखली.

"हलतंय."

"म्हणून तर म्हटलं," बाई म्हणाल्या आणि दहाची दिली.

"हलतंय."

मग आठची. ती ह्यांनी नुसती परत केली. बाईंनी सातची पुढे केली. रबराचं काळं आवरण, गळ्यात घालायचा रुंद पट्टा. ह्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली, कोपर छातीशी दाबले, श्वाससुद्धा रोखला असावा. पट्टा खाली लोंबत होता. तो शर्टाच्या बटणांवर घासत होता, इकडून तिकडे, बारीक बारीक, थांबतच नव्हता. दुकानात वारा नव्हता. फरशी पक्की होती. इंजिन कुठेच नव्हतं.

"हिच्यातही हलतंय," हे हळूच म्हणाले.

"सातची तर अशी कधी..." बाई बोलता बोलता थांबल्या आणि पुसलेलीच काच परत पुसायला लागल्या.

ह्यांचा चेहरा मला बघवेना. "द्या बघू इकडे," म्हणून मी दुर्बीण जवळजवळ ओढूनच घेतली आणि डोळ्यांना लावली. कबुतराचा लाल डोळा दिसला. मानेवरची हिरवी चमक दिसली. पायाचं एक मोडकं नख दिसलं. सगळं भिंतीवरच्या तसबिरीसारखं जागच्या जागी. मला त्या कबुतराचा इतका राग आला, काय सांगू.

"अहो, माझ्याही हातात हलतंय की," मी म्हणाले. "बाहेरून गाड्या जातात ना, सगळी इमारत हादरत असणार."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे. "हो, ट्रक फार जातात ह्या रस्त्याने," त्या म्हणाल्या. त्या बाईंचं भलं होवो.

आम्ही सातची घेतली. परत येताना माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. जुन्या दुर्बिणीची भिंगंच सैल होती, असं मी म्हणाले, मालकाकडे नव्या दुर्बिणीची सवय व्हायला वेळ मागा म्हणाले, सवयीने सगळं होतं म्हणाले. हे ऐकत होते. घराच्या जिन्यात आल्यावर थांबले.

"तुझ्या हातात पट्टा हलत नव्हता," हे म्हणाले.

मी किल्ली शोधायला लागले. किल्ली हातातच होती.

"पट्ट्याचं काय घेऊन बसलात," मी म्हणाले.

"अगं, गवताचं एक पातं हललं तरी मला कळतं. तेच तर माझं काम. तुझा पट्टा सरळ लोंबत होता." मग म्हणाले, "आणि कप अर्धा भरायला लागलीस, तेव्हापासून मला ठाऊक आहे की तुला ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

मी दार उघडलं, दिवा लावला, सवयीने चहाचं आधण ठेवलं. हे स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसले. दुर्बीण समोर ठेवली.

"आज कप पूर्ण भर," हे म्हणाले.

"सांडेल हो."

"भर."

मी काठोकाठ भरला. ह्यांनी दोन्ही हातांनी उचलला. चहा बशीत सांडला, टेबलावर सांडला, नव्या दुर्बिणीच्या पट्ट्यावर सांडला. माझा हात फडक्याकडे गेला आणि मान आपोआप ओट्याकडे वळली.

"इकडे बघ," हे म्हणाले. "कुठला हात जास्त हलतो, कधी हलतो, सगळं बघून ठेव. उद्या डॉक्टरांना तूच सांगायचंस. मी सांगायला गेलो तर परत इंजिनाचं नाव घेईन."

मी फडकं खाली ठेवलं, ह्यांच्या समोर बसले आणि नीट बघितलं.