सातव्या नंबरचा कागद

थोरलीचं काम सांगायला सोपं आणि करायला डोकं पिकवणारं होतं. एका फ्रेंच दवाखान्याची दुखण्याविषयीची प्रश्नावली इंग्रजीत आणायची. शब्द सगळे मिळून बेचाळीस, पण एकेकाशी दिवसभर हुज्जत घालावी असे. आता 'सूर्द' घ्या. सरळ अर्थ बहिरी. बहिरी वेदना म्हणजे काय डोंबल? तर नेमकी जागा दाखवता येत नाही आणि हटता हटत नाही, अशी. इंग्रजीत त्याला 'डल' म्हणतात, ठीक आहे, भागतंय. 'लांसिनांत'ला मात्र कोशात तीन इंग्रजी शब्द दिलेले, एक कळ मारणारा, एक ठणकणारा आणि एक भोसकणारा. फ्रेंच माणूस एका शब्दात सांगून मोकळा होतो आणि इंग्रजीवाल्याला विचारत बसावं लागतं, की बाबा, नक्की कसं दुखतंय? थोरलीच्या मनात आधी कळ, सणक, ठणका, ठसठस हेच यायचं, पण मराठी तिच्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

बरं, अर्थ जुळला म्हणून सुटका नाही. शब्दाचं वजनही जुळायला हवं. म्हणून दहा माणसांकडून प्रत्येक इंग्रजी शब्दाला शून्य ते दहा मार्क घ्यायचे, असा नियम होता. आधी आपलं आयुष्यातलं सगळ्यात वाईट दुखणं आठवायचं, ते कागदाच्या मागे लिहायचं, त्याला दहा धरायचं आणि मग त्या मापाने बाकीचे शब्द मोजायचे. कागद पाकिटात घालून चिकटवून द्यायचा. ते पाकीट ऑफिसातच फोडायचं, आणि कागदावर नाव नाही, नुसता नंबर, तोही वाटेल तसा टाकलेला.

नऊ माणसं मिळाली. दहावं घरातच होतं. आईने तेहेतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, तिच्याइतकं चोख इंग्रजी आणखी कुणाचं असणार? तिचे विद्यार्थी आता टक्कल पडलेले बाप्ये झालेत, पण अजून सांगतात, बाईंनी पैकीच्या पैकी मार्क उभ्या जन्मात कुणाला दिले नाहीत. आणि वर्गातला त्यांचा दुसरा कायदाही त्यांना पाठ आहे. उत्तर येत नसेल तर कोरं सोडा, पण कागदावर खोटं लिहायचं नाही.

तोंडी मात्र या बाई बिनदिक्कत खोटं बोलायच्या, निदान स्वतःच्या पायाबद्दल. खुब्याचा सांधा बदलायला हवा, असं डॉक्टरांनी सांगून दोन महिने झाले होते. एकोणीस तारीख धरून ठेवली होती, आणि हो की नाही ते शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. त्यानंतर पुढची तारीख थेट सहा महिन्यांनी. डॉक्टरांनी विचारलं की आई म्हणायची, थोडंसं दुखतं. घरी विचारलं की म्हणायची, जरा अवघडल्यासारखं होतं, मला काय धाड भरलीय, द्या ती तारीख दुसऱ्या कुणाला. परगावी नोकरीला असलेला धाकटा फोनवर म्हणाला, आई एवढं म्हणतेय तर राहू दे. आणि खरं सांगायचं तर थोरलीलाही हायसं वाटलं होतं. तिला प्रश्नावली महिनाअखेर द्यायची होती. आईवर विश्वास ठेवणं तिच्या सोयीचं होतं.

बुधवारी सकाळी ऑफिसला जाताना तिने आईला कागद आणि पाकीट दिलं. संध्याकाळी आईने चिकटवलेलं पाकीट परत केलं आणि प्रश्न बरे काढलेत, असा शेराही मारला.

शुक्रवारी सकाळी आकडेवाले तिच्या टेबलाशी आले. ऑफिसात सरासरी काढायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना आकडेवालेच म्हणायचे. सात नंबरचा कागद बाद करावा लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. 'अनबेअरेबल'ला सगळ्यांनी नऊच्या वर दिले होते, सात नंबरने पाच. 'डिसकम्फर्ट'ला तर चक्क शून्य. थोरलीने आईच्या नेहमीच्या लाल शाईतले ते आकडे पाहिले आणि तिला हसू फुटलं. ही आमची आई, म्हणाली, मार्क द्यायचे म्हणजे तिच्या जिवावर येतं. आकडेवालेही हसले. पण कागद बाद करायचा तर कारण लेखी द्यावं लागे, म्हणून तिने तो उलटून पाहिला.

मागच्या बाजूला बाकीच्यांनी दाढ, मुतखडा, बाळंतपण असं काय काय लिहिलं होतं. आईने आपल्या वळणदार अक्षरात, इंग्रजीत, शेवटी पूर्णविराम देऊन लिहिलं होतं: आज सकाळी, बाथरूमपासून पलंगापर्यंत.

थोरलीने ते तीनदा वाचलं. आज सकाळी म्हणजे बुधवारी. बुधवारी सकाळी आईने तिला डबा भरून दिला होता. चपला घालता घालता तिने विचारलं होतं, पाय कसा आहे? आहे की जागेवर, आई म्हणाली होती, आणि ती हसून निघून आली होती. आधी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सोसायचं आणि पोटच्या पोरांना पत्ता लागू द्यायचा नाही? मग राग आला तसा ओसरला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिलाही पत्ता लावून घ्यायचा नव्हता.

"हा कागद बाद करायचा नाही," ती म्हणाली. "आकडे बरोबर आहेत. तिचा दहाच आपल्या सगळ्यांच्या दहाच्या वर आहे."

आकडेवाल्यांनी मागची ओळ वाचली. घड्याळात पावणेअकरा झाले होते, तिची पर्स त्यांनीच उचलून तिच्या हातात दिली.

घरी आई पलंगावर उशीला टेकून शब्दकोडं सोडवत होती. थोरलीने कागद तिच्या मांडीवर ठेवला, मागची बाजू वर करून.

"मागच्या बाजूला मार्क नसतात," आई म्हणाली. "ती कशाला वाचलीस?"

आईने पेन्सिल खाली ठेवली.

"तुझं काम संपू दे म्हटलं," ती हळूच म्हणाली. "मग सांगणारच होते."

अकरा वाजून गेले होते, रडायला बसायची ही वेळ नव्हती. थोरलीने आईच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर लावला आणि एकोणीस तारीख पक्की करा म्हणून सांगितलं. पलीकडच्या नर्सने नोंदीसाठी काही प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाली, दुखणं दहापैकी किती, ते पेशंटने स्वतः सांगायचं असतं. थोरलीने फोन आईच्या कानाला लावला.

"तसं थोडंसंच," आईने सवयीने सुरुवात केली. मग तिची नजर मांडीवरच्या कागदाकडे गेली, लाल शाईतल्या स्वतःच्याच अक्षराकडे. ती थांबली. घसा साफ केला.

"दहा," ती म्हणाली.

नर्सला नीट ऐकू गेलं नसावं, तिने पुन्हा विचारलं.

"दहा, दहा. पैकीच्या पैकी," आई म्हणाली, आणि फोन थोरलीकडे देऊन चष्मा पुसायला लागली.